घाण्यात पडण्याआधी

ऑगस्ट १९९८मध्ये दिल्लीच्या रुग्णालयांत एकसारख्या तक्रारींची रीघ लागली. पाय सुजलेले, जुलाब, धाप. मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याचे तेल निघाले. ६०हून अधिक माणसे दगावली, सुमारे ३००० जणांना दाखल करावे लागले.

मग सुट्ट्या तेलावर बंदी आली, सीलबंद बाटल्या आल्या. बरेच झाले. पण घाण्यात काय पडले होते, हे बाटलीला कुठून कळणार? ही भेसळ पाहून पकडता येते ती बी अखंड असेपर्यंतच.

अर्थात तेही सोपे नाही. दोन्ही बिया काळपट, गोल आणि आकाराने इतक्या जवळच्या की चाळणीतून जोडीने खाली उतरतात. चिमूटभर दाणे पांढऱ्या कागदावर घेऊन भिंगातून पाहावे. मोहरी नितळ दिसते. धोतऱ्याचे बी खरबरीत असते, अंगभर जाळीदार खळगे आणि एका कडेला बारीक कंगोरा. तरीही शंका उरली तर दाणा चिरडावा: मोहरी आतून पिवळी, धोतरा पांढरा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने लोकांना सांगितलेल्या घरगुती चाचण्यांत हीच खूण आहे. एकदा तेल निघाले की खळगेही गेले आणि कंगोराही. मग नायट्रिक आम्ल घालून तांबूस रंग चढतो का ते पाहायचे, नाहीतर सँग्विनरिन हे विष शोधायला प्रयोगशाळा गाठायची.

धोतऱ्याचे हे काटेरी झुडूप मूळचे मेक्सिकोचे. आता ते शेताच्या बांधावर आणि रस्त्याकडेला माजते आणि नेमके मोहरीच्या काढणीलाच पिकते. गंमत अशी, की संशोधनासाठी परदेशातून आलेले मूठभर बियाणेही दिल्लीच्या पुसा संकुलात तणाच्या बियांसाठी तपासले जाते. तेलासाठी बाजारात ओतलेल्या ढिगाच्या नशिबी एवढी चौकशी नसते.

त्या ढिगाची परीक्षा होते ती ओलाव्याची आणि तेलाच्या उताऱ्याची, कारण भाव त्यावर ठरतो. बाजार समित्यांनी त्याच नमुन्यातले थोडे दाणे भिंगाखाली धरावेत आणि धोतरा सापडला तर तो माल घाण्याकडे जाऊच देऊ नये. एवढ्यासाठी वेळ कुणाकडे आहे, असे व्यापारी म्हणतील. ओलावा मोजायला मात्र तो रोज निघतो.