पाटी बदलली, दाखला राहिला

गांधीजींनी १९२५ साली उभारलेल्या अखिल भारतीय चरखा संघापुढे १९४४ मध्ये सेवाग्रामात त्यांनीच पेच टाकला: मजुरी देऊन सूत कातून घ्यायचे आणि शहरात खादी विकायची, हे पुरे, आता गावाने स्वतःसाठी कातावे. पुढच्याच वर्षी खादीच्या किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने घेण्याचा नियमही झाला. पण मजुरी, भांडार आणि प्रमाणपत्र यांची घडी तोवर पक्की बसली होती. हजारो कातणाऱ्या बायकांची चूल तिच्यावर पेटत होती. संस्थापकाचा शब्दही तिथे थिटा पडला. पुढे संघ सर्व सेवा संघात विलीन झाला, १९५७ मध्ये सरकारी खादी आणि ग्रामोद्योग आयोग आला, अंबर चरखा हे नवे अवजार आले. भांडारे मात्र राहिली आणि खादीच्या अस्सलपणाचा दाखला देण्याचा अधिकारही राहिला. आजचा ‘खादी मार्क’ त्याचाच वारस. संस्थेची पाटी आणि अवजारे बदलणे सोपे. ज्या नियमावर कुणाची रोजी चालते, तो नुसत्या ठरावाने हलत नाही. आधी दुसऱ्या रोजीची सोय लावावी लागते.