वाटपाचा आकडा आणि वाडीचा अनुभव

पेण व रोहा तालुक्यांतील कातकरी व ठाकूर वाड्यांवर सुधारित चूल, गॅसची शेगडी, सौरदिवा अशी साधने पोचविण्याचा प्रयत्न स्तुत्य आहे. परंतु किती नग वाटले, एवढ्यावरूनच त्या कार्याचे यश ठरविणे योग्य नव्हे.

सुधारित चुलींचा देशव्यापी कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला व २००२ साली बंद पडला. कोट्यवधी चुली बसविल्या गेल्या; मात्र त्यांतील पुष्कळशा दुरुस्तीअभावी किंवा गैरसोयीमुळे अडगळीत गेल्या. पुढे १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांत गॅस पोचला. तथापि रिकामा सिलिंडर पुन्हा भरून घेण्यास एकरकमी रोकड लागते. रोजच्या मजुरीवर चालणाऱ्या घरात ती नसली, की शेगडी कोपऱ्यात राहते आणि गृहिणी पुन्हा रानाची वाट धरते.

कातकरी ही राज्यातील तीन आदिम जमातींपैकी एक होय. त्यांतील बहुतेक कुटुंबे भूमिहीन असून पुष्कळांची घरेही दुसऱ्याच्या जागेत आहेत. अनेक कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर वा कोळसाभट्टीवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. ज्या घरात सहा-सात महिने कोणी नसते, तेथे भिंतीशी बांधलेली चूल काय कामाची? शिवाय मोळी हे केवळ जळण नसते. ती बाजारात विकून मीठमिरची आणली जाते. जळणाची गरज घटविणारे साधन हा आधारही हलवू शकते, याचा विचार आधी व्हावयास हवा.

अशा चौकशीने कामास विलंब होतो, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु न वापरलेल्या वस्तूवरील खर्च हा त्याहून मोठा अपव्यय होय.

यास्तव ग्रामसेवकांनी वाटपानंतरची पाहणी माघ-फाल्गुनात न करता, वाडी भरलेली व हात आखडलेला असतो अशा आषाढ-श्रावणात करावी. प्रश्न पुरुषांइतकेच स्त्रियांनाही विचारावेत : वस्तू रोज वापरात आहे काय? बिघडल्यास कोण दुरुस्त करतो? तिच्यापायी उचल वाढली काय? कोणाची मिळकत बुडाली काय? या उत्तरांची नोंद वाटपाच्या आकड्याशेजारी झाली, तरच पुढील वस्तू वाडीच्या गरजेची निवडता येईल.