केळीच्या रुपयातले किती पैसे बागेत पोहोचतात?

आपल्या नवागाम-डिंडोली भागात खानदेशाशी नाते नसलेली गल्ली सापडणे कठीण. उधन्याला गाडीत बसले की नंदुरबार, अमळनेर करत जळगाव येते. रावेर-यावलच्या केळीबागा ज्या तापीच्या खोऱ्यात आहेत, तीच तापी पुढे सुरतेत येते. तरीही लारीवरून डझनभर केळी घेताना बागवाल्याच्या हाती काय पडले असेल, हे आपण विचारत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासात याचे उत्तर आहे. ग्राहकाने केळीसाठी दिलेल्या रुपयातले सुमारे ३१ पैसे शेतकऱ्याला मिळतात. दुधाच्या बाबतीत हाच वाटा सुमारे ७० पैसे आहे. केळी पिकवणे, भाडे, नासाडी हे खर्च खरेच आहेत, सगळा दोष व्यापाऱ्याच्या माथी मारणे आम्हाला पटत नाही. पण दुधामागे सहकारी संघ उभे आहेत, आपल्या जिल्ह्यात १९५१ पासून सुमुल आहे, आणि केळीमागे तसे बळ नाही, हा फरक मोठा आहे.

परदेशात याच प्रश्नावर ‘फेअरट्रेड’ म्हणजे न्याय्य भावाच्या मालाची चळवळ उभी राहिली. हॉलंडमध्ये १९८८ साली मेक्सिकोच्या कॉफीपासून तिची सुरुवात झाली. शिक्का असलेल्या केळीला ठरलेला किमान भाव मिळतो, शिवाय १८.१४ किलोच्या प्रत्येक खोक्यामागे १ डॉलर वेगळा मिळतो. तो कशावर खर्चायचा हे उत्पादकच मिळून ठरवतात.

या मालाची विक्री देशोदेशी सारखी वाढली नाही. स्वित्झर्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक केळ्यांवर हा शिक्का असतो. तेथील लोक आपल्यापेक्षा दयाळू आहेत म्हणून असे झाले काय? तसे नव्हे. कूप या मोठ्या दुकानसाखळीने २००४ मध्ये आपली सगळीच केळी या शिक्क्याची केली, त्यामुळे गिऱ्हाइकाला निवडायचे काही उरले नाही. इंग्लंडमध्ये सेन्सबरीजने २००७ मध्ये हेच केले. तेथे शिक्का १९९४ मध्ये आला आणि विक्री वीस वर्षे चढत गेली. पुढे दुकानांत स्वस्ताईची चढाओढ लागली आणि २०१४ मध्ये विक्री पहिल्यांदा घसरली. २०१७ मध्ये सेन्सबरीजने स्वतःच्या चहावरचा शिक्काही काढला. जर्मनीत मात्र त्याच काळात उलटे घडले. २०१२ मध्ये सुमारे ५३ कोटी युरोंची विक्री २०१६ पर्यंत दुपटीहून अधिक झाली. स्वस्त मालासाठी प्रसिद्ध असलेल्या दुकानांनीच तेथे शिक्क्याचे चॉकलेट फळीवर मांडले. भारतात हा शिक्का गिऱ्हाइकांसाठी २०१३ मध्ये आला. आपल्या भागातल्या दुकानांत तो शोधूनच काढावा लागेल.

यावरून आम्हाला एकच गोष्ट दिसते. एकेका गिऱ्हाइकाच्या सदिच्छेवर ही विक्री फारशी चालत नाही. मोठा खरेदीदार ठरवतो तेव्हा ती चढते, त्याचे मन फिरले की उतरते. लूमवर बारा तासांची पाळी करणाऱ्या पालकाने दोन रुपये जास्त देऊन शिक्क्याची केळी शोधावीत, असे सांगणे म्हणजे थट्टा होईल. ज्याची खरेदी मोठी, त्यानेच पुढे व्हायला हवे, आणि आपल्या वस्तीत शाळा हा लहान खरेदीदार नाही. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, शिवजयंती, स्नेहसंमेलन, प्रत्येक वेळी शेकडो मुलांचा खाऊ घेतला जातो.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की येत्या २६ जानेवारीचा खाऊ रावेर किंवा यावल तालुक्यातील शेतकरी गटाकडून थेट मागवावा. हिरवी केळी येथे आणून पिकवण्याची सोय नसेल, तर खानदेशातल्या महिला बचत गटांचे केळीचे वेफर्स घ्यावेत. ते टिकतात आणि वाटायलाही सोपे. गावाकडे बाग असलेल्या पालकांनी वर्गशिक्षकांना कळवावे. शेतकऱ्याला दिलेला भाव, भाडे, हमाली आणि नासाडी यांचा हिशेब आठवी-नववीच्या मुलांनी मांडावा व रुपयातले किती पैसे बागेत पोहोचले, ते शाळेच्या फलकावर लिहावे. ३१ च्या पुढे आकडा गेला की नाही, ते सर्वांना तेथेच वाचता येईल.