मिरज : तलवारीचे हात तारांवर

माणगावच्या भूमीला वंदन करायला निघालेले आपले अनेक बांधव मिरजेला गाडी बदलतात. मार्च १९२० मध्ये जिथे छत्रपती शाहू महाराजांनी बाबासाहेबांना तुमचा खरा पुढारी म्हणून समाजापुढे उभे केले, त्या माणगावला जायचे स्टेशन हातकणंगले. ते मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर आहे. हा मार्ग १८९१ सालचा. फलाटावर चहा घ्यायचा, भाकरीचे गाठोडे सोडायचे, पुढची गाडी धरायची. मिरज आपल्याला ठाऊक ते एवढेच. आमचे सांगणे, दोन तास हाताशी ठेवून गावात जा.

गाव पेठेचे, पटवर्धनांच्या संस्थानाचे. बाजारात मराठीच्या जोडीला कानडी सर्रास ऐकू येते. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचा दवाखाना उभारला, तेव्हापासून आजारी माणसाला मिरजेला न्यायचे ही रीतच पडली. पण आम्हाला तुम्हाला न्यायचे आहे ते सतारमेकरांच्या गल्लीत.

हे मूळचे शिकलगार. तलवारी, भाले घडवायचे, त्यांना धार लावायची, हा त्यांचा धंदा. इंग्रजी अंमल आला, शस्त्रांचे गिऱ्हाईक संपले. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंबोरे दुरुस्त करता करता नवे घडवायला घेतले. संस्थानिकांना गाण्याची आवड, त्यामुळे आश्रयही मिळाला. आज मिरजेची सतार नि तंबोरा देशभर जातो, आणि २०२४ साली दोहोंना भौगोलिक मानांकनही मिळाले.

वाचकहो, आमचे मन इथे अडखळते. लाहोरसाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली छापलेल्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे की, जात माणसाला धंदा बदलू देत नाही, म्हणून ती बेकारीचेही कारण होते. शिकलगारांना धंदा बदलता आला, याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच काळी आसपासच्या गावांत आपले आजे-पणजे वतनाच्या दाव्याला बांधलेले होते. गाव बोलावील तेव्हा धावायचे, मेलेले ढोर ओढायचे. हात त्यांचेही कसबी होते, पण त्या हातांत रंधा कोण देणार? ते वतन गेले १९५८ सालच्या कायद्याने, तेही बाबासाहेब गेल्यानंतर.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. हा कडू भोपळा, भाजीच्या कामाचा नव्हे. तो वाळवून, कापून त्याला लाकडी दांडी जोडतात. सर्वांत नाजूक काम जवारीचे. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीने किंचित घासायचा, तार छेडून ऐकायची, पुन्हा घासायचे. मग तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवायचा, की आवाज घुमू लागतो. तार फार ताणली तर बिघडते, सैल सोडली तरी बिघडते. चालून चालून पाय रक्ताळलेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचे हेच सांगितले होते.

मुलांना बरोबर न्या. कारागीर कामात असला तर दारात गप्प उभे राहून ऐका. तार लावताना बोललेले त्याला चालत नाही.