तिला चेटकीण कोण ठरवतं?

मैत्रिणींनो, रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण आठवते ना? आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ पासून वैभव मांगलेंनी रंगवलेली. मुलं तिला घाबरतात, हसतातही. पण एरवीच्या गोष्टींतली चेटकीण कशी असते? म्हातारी, कुरूप, एकटी. समाजाला जी बाई नकोशी, तीच गोष्टीत मुलं खाणारी होते.

आता हे चित्र बदलतं आहे. ‘स्त्री’ (२०१८) आणि ‘बुलबुल’ (२०२०) या हिंदी चित्रपटांतली चुडैल ही अन्याय झालेली बाई आहे. बुलबुल तर बालवधू. जमीनदाराच्या वाड्यात मारहाण आणि बलात्कार सोसल्यावर ती अत्याचारी पुरुषांना संपवते. बघताना बरं वाटतं, खोटं कशाला बोला!

तरी एक गोष्ट खटकते. इथे चुडैल खरोखरच असते, अचाट ताकदीची. सातपुड्यातल्या पाड्यावर जिला डाकीण म्हणतात, तिच्याकडे कसली ताकद? ती बरेचदा विधवा, एकटी असते. कधी तिच्या जमिनीच्या तुकड्यावर भावकीचा डोळा असतो. मूल तापानं दगावतं. दवाखाना लांब, मांत्रिक जवळ. तो तिचं नाव घेतो आणि गाव काठ्या उचलतं. झारखंडच्या छुटनी महतो यांना असंच डायन ठरवून छळलं, गाव सोडायला लावलं. त्यांच्या मदतीला कुठलीही जादू आली नाही. त्या स्वतः उभ्या राहिल्या, अशाच इतर बायकांना आधार दिला. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणून मला ‘विकेड’ची गोष्ट जास्त मोलाची वाटते. १९३९च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या अमेरिकन चित्रपटातली हिरव्या कातडीची दुष्ट चेटकीण ग्रेगरी मॅग्वायर यांच्या १९९५च्या या कादंबरीत नायिका झाली. २०२४ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. त्यात सत्तेवरचा ढोंगी जादूगार आपलं बिंग फुटू नये म्हणून विरोध करणाऱ्या मुलीला दुष्ट ठरवतो. चेटकीण जन्मत नाही, ती ठरवली जाते, हे तिथे दिसतं.

महाराष्ट्रात २०१३ पासून कुणावर करणी-जादूटोण्याचा आळ घेऊन तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. पण कायदा गावात पोचायच्या आधी गोष्ट पोचलेली असते. चेटकिणीची कीव करणाऱ्या गोष्टी पुष्कळ झाल्या. आपल्या पथनाट्यांत, शिबिरांत आता दुसरा प्रश्न विचारू या: तिचं नाव आधी कुणी घेतलं, आणि ती गेल्यावर तिची जमीन कुणाकडे गेली?