नऊ मिलिमीटरवरची बार्शी लाइट

दिवाळीत अंगणात उभारलेले किल्ले एव्हाना मोडले. अळिवाची हिरवळ वाळली, महाराज आणि मावळे पुढच्या वर्षापर्यंत खोक्यात गेले. आपल्याकडे प्रतिकृतींचा हंगाम इथे संपतो, तर युरोपात तो सुरू होतो. २ डिसेंबर हा तिकडे मॉडेल रेल्वेचा दिवस. जर्मन दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे रेल्वेचा कार्यक्रम सादर करणाऱ्या हागेन फॉन ऑर्टलॉफ यांनी तो सुरू केला. लांबलेल्या रात्री, बाहेर जाता येऊ नये असे हवामान आणि माळ्यावरून खाली आलेली खोकी, असा सगळा सोयीचा ऋतू. या दिवसासाठी अग्रलेखाची जागा खर्ची घालावी का, असे कोणी विचारेल. आगगाडीशी खेळणारी मोठी माणसे हा जगभर थट्टेचाच विषय आहे. पण या खेळगड्यांमध्ये नॅरोगेजवाल्यांचा एक छोटा पंथ आहे आणि त्याचा धागा थेट सोलापूर जिल्ह्यात पोचतो.

मॉडेल रेल्वेत बहुतेकांचा ओढा मुख्य मार्गांवरच्या मोठ्या, दिमाखदार गाड्यांकडे असतो. त्या दुकानात तयार मिळतात. अरुंद रुळांवरची दोन डब्यांची गाडी ज्याला आवडते, त्याला मात्र अनेक वर्षे जवळजवळ सगळे हातानेच करावे लागे. एडिंबराच्या पी. डी. हॅनकॉक यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ‘क्रेग अँड मर्टनफर्ड’ नावाची एक काल्पनिक रेल्वे घरात उभारायला घेतली आणि तिच्याविषयी लिहिले. ते वाचून कितीतरी जण या नादाला लागले. पुढे एन गेज हा चिमुकला प्रकार बाजारात आला. त्याची चाके ९ मिलिमीटरच्या रुळांवर धावत. मंडळींनी ते यंत्र उचलले, त्यावर फुटाला ४ मिलिमीटर या प्रमाणात इंजिनाचे मोठे अंग चढवले आणि नॅरोगेज तयार झाली. या मापाला ००९ म्हणतात. त्याच नावाची सोसायटी ब्रिटनमध्ये १९७३ साली स्थापन झाली. ती अजून चालू आहे आणि गावोगाव तिचे गट आहेत.

यात एक गंमत आहे. फुटाला ४ मिलिमीटर धरले तर ९ मिलिमीटरचे सव्वादोन फूट होतात. खऱ्या नॅरोगेज रेल्वे बहुतेक दोन किंवा अडीच फुटांच्या. सव्वादोन फुटांच्या रेल्वे ब्रिटनमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या आणि त्यांतली एक वेल्समधली टॅलिलिन. म्हणजे ००९वाल्याची गाडी मापाला चोख बसते ती टॅलिलिनसारख्या मोजक्या रेल्वेंच्याच. बाकीच्यांना एका मिलिमीटरकडे काणाडोळा करावा लागतो. तो करणारे आणि न करणारे यांच्यातली चर्चा क्लबात चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत तरी नक्की चालते.

टॅलिलिनचे नाव आणखी एका कारणासाठी घ्यायला हवे. दगडाच्या खाणीसाठी बांधलेली ही रेल्वे १९५० साली बंद पडण्याच्या बेतात होती. टॉम रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने बर्मिंगहॅममध्ये सभा झाली, संस्था उभी राहिली आणि १९५१ च्या मे महिन्यापासून स्वयंसेवकांनी गाड्या चालवल्या. स्वयंसेवकांनी वाचवून चालवलेली ही जगातली पहिली रेल्वे. त्या सुरुवातीच्या स्वयंसेवकांत डब्ल्यू. ऑड्री नावाचे एक धर्मोपदेशक होते. आपल्या नातवंडांच्या दप्तरांवर जो निळा ‘थॉमस’ असतो, त्याचे हे जनक. ते स्वतः मॉडेल रेल्वेवाले होते, आपला लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेली रेल्वे, घेऊन प्रदर्शनांना जात आणि टॅलिलिनवरच्या अनुभवातूनच त्यांनी गोष्टींमधली नॅरोगेज रेल्वे रचली. खेळण्यातली रेल्वे, खरी रेल्वे आणि पुस्तकातली रेल्वे यांच्यात तिथे भिंत नव्हती. रविवारी खऱ्या रुळांवर खडी टाकणारा माणूस बुधवारी संध्याकाळी क्लबात बसून तीच खडी चाळणीतून गाळून डिंकाने चिकटवत असे.

या क्लबांमध्ये नेमके काय चालते? बहुतेक वेळा एखाद्या गावातला सार्वजनिक हॉल, घडीची टेबले, सोल्डरिंगचा वास. कोणी पितळी पत्र्यातून डब्याची बाजू कापत असतो, कोणी घोड्याच्या केसाएवढ्या तारेचे कठडे बसवतो. अनेक क्लब मॉड्यूल पद्धतीने चालतात. प्रत्येकाने आपापला एक फळीएवढा तुकडा घरी करायचा, फक्त दोन्ही टोकांना रुळांची जागा आणि उंची ठरल्याप्रमाणे ठेवायची. भेटीच्या दिवशी ते तुकडे जोडले की एकाच्या डोंगरातून निघालेली गाडी दुसऱ्याच्या समुद्रकिनाऱ्यावर जाते. मधल्या भूगोलाची जबाबदारी कोणावरच नसते. काही जण तर पिझ्झाच्या खोक्यात मावेल एवढाच लेआउट करतात आणि तेवढ्यात वळण, स्टेशन, डोंगर सगळे बसवतात. मुंबईतल्या घरांचा आकार पाहता हा प्रकार आपल्याकडे आजवर फोफावला कसा नाही, याचे नवल वाटते.

मग मोठे मेळावे. लंडनजवळ केंटमध्ये दर शरद ऋतूत ‘एक्स्पो-एनजी’ हे फक्त नॅरोगेजचे प्रदर्शन भरते. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून नॅशनल नॅरोगेज कन्व्हेन्शन दरवर्षी वेगळ्या शहरात भरते आणि तिथे कोलोरॅडोतल्या तीन फुटी रेल्वेचा दबदबा असतो. या मेळाव्यांत सर्वांत जास्त गर्दी कुठे असते? फिरत्या गाड्यांपुढे नव्हे. ती असते जुन्या वस्तूंच्या टेबलाशी. सभासद वारला की त्याचा संग्रह घरच्यांना डोईजड होतो. अर्धवट जोडलेली इंजिने, लेबल लावलेल्या डब्यांमधले स्क्रू, कधी तरी करू म्हणून घेऊन ठेवलेले संच. ००९ सोसायटी अशा वस्तू आपल्या टेबलावर सभासदांना विकते आणि पैसे कुटुंबाला पोचवते. एकाने अर्धवट सोडलेले इंजिन दुसरा घेतो आणि पुरे करतो. छंदाच्या संस्था कितीतरी असतात, पण सभासदाच्या माघारी त्याच्या कपाटाची व्यवस्था लावणाऱ्या थोड्याच. कोणत्याही मराठी मंडळाने ही एक रीत जरूर उचलावी. आपल्याकडे किती जणांच्या माघारी त्यांची पुस्तके, तबकड्या, नाणी रद्दीच्या भावात जातात, ते आपण पाहतोच.

आता सोलापूर जिल्ह्याकडे वळू. एव्हरार्ड काल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शीची बाजारपेठ मुख्य मार्गापासून दूर पडली होती. तिला जोडण्यासाठी त्याने अडीच फुटी रेल्वेची योजना आखली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. काल्थ्रॉपचे सूत्र सोपे होते. इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त वजन पडता कामा नये. मग यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका, स्वस्त रूळही पुरतो आणि आस वाढवत नेले की त्याच रुळावरून जड गाडीही ओढता येते. तो काळ नॅरोगेज म्हणजे कशीबशी चालवलेली कामचलाऊ गाडी, असे मानण्याचा होता. बार्शी लाइटने ते खोटे पाडले. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली. आषाढी-कार्तिकीला तिच्यावर माणसे कशी लोंबकळत, हे सांगणारे आजी-आजोबा अजून अनेक घरांत आहेत.

बार्शीत यश मिळवून काल्थ्रॉप मायदेशी गेला आणि इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड या रेल्वेचा इंजिनिअर झाला. रूळ पुन्हा अडीच फुटी. ही लाइन १९०४ मध्ये सुरू झाली. लांबी जेमतेम १३ किलोमीटर. तिची दोन्ही इंजिने लीड्सच्या किट्सन कंपनीने बांधली. बार्शीची पहिली इंजिनेही याच कंपनीची आणि नवी दोन त्यांच्याच वळणाची. एकाला काल्थ्रॉपचेच नाव दिले होते. सौम्य, धुक्याच्या इंग्रज दरीत ही इंजिने कपाळावर मोठाले दिवे लावून उभी राहिली. असे दिवे शोभतात रात्रीच्या माळरानावर. डब्यांना टोकाला सज्जे, रंग फिकट पिवळा. हुल्म एंडसारख्या खेड्याच्या स्टेशनात बार्शीची सावली पडली होती.

ही रेल्वे तीस वर्षे चालली. तिचा मुख्य आधार दूध. खोऱ्यातले दूध लंडनकडे जाई. दुग्धालय बंद झाले, मोटारी आल्या आणि १९३४ मध्ये गाडी थांबली. दोन्ही इंजिने भंगारात गेली, मार्गाची पायवाट झाली. पण नॅरोगेज क्लबवाल्यांनी ही लाइन सोडली नाही. याला एक तांत्रिक मोहही आहे. काल्थ्रॉपने तिथे अशा सपाट गाड्या वापरल्या की ज्यांच्यावर मोठ्या रेल्वेची पूर्ण वाघीणच चढवून न्यायची, म्हणजे माल उतरवून पुन्हा भरण्याची कटकट नाही. मॉडेलवाल्याला हे दृश्य म्हणजे मेजवानीच. नेहमीच्या मापाची वाघीण छोट्या गाडीच्या पाठीवर बसून नऊ मिलिमीटरच्या रुळांवरून डुलत निघते. इंग्लंडातल्या कुठल्याशा हॉलमध्ये आजही जेव्हा ती दिवेवाली दोन इंजिने टेबलावर येतात, तेव्हा तिथे बार्शीचीच नातेवाईक फिरत असते. पाहणाऱ्यांतल्या काहींना हे ठाऊकही असते. नॅरोगेजवाले वाचतात फार.

मुद्दा इथे आहे. तीस वर्षे चाललेल्या १३ किलोमीटरच्या लाइनचा प्रत्येक सांधा, प्रत्येक डब्याची लांबी-रुंदी, रंगाची छटा तिथल्या हौशी लोकांनी शोधून, मोजून, कागदावर आणून ठेवली आहे. मॉडेल करायचे म्हटले की गोड आठवणी कामाला येत नाहीत. गार्डच्या डब्याचे दार कोणत्या बाजूला उघडे, पाण्याच्या टाकीला किती रिव्हेट होते, फलाटावर फरशी होती की मुरूम, असले प्रश्न पडतात आणि त्यांची उत्तरे मिळाल्याशिवाय हात चालत नाही. इतिहासकार हे विचारत नाही, प्रवासी विसरतो, रेल्वेचा कारकून जुनी फाइल निकाली काढतो. विचारतो तो हा खेळगडी.

आपली बार्शी लाइट वाढत वाढत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास गेली. १९५४ मध्ये ती सरकारकडे आली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचे ब्रॉडगेज झाले. ते झाले हे योग्यच. कुर्डुवाडीला एका गाडीतली पोती दुसऱ्या गाडीत चढवणाऱ्या हमालाच्या पाठीचा विचार केला तर नॅरोगेजसाठी कोणी उसासे टाकू नयेत. लातूरकर आज गाडी न बदलता मुंबईला येतो, त्याचा आनंद मोठा आहे. नॅरोगेज होती तशी चालू ठेवा, असे म्हणणारा हा लेख नाही. पण बार्शी लाइटच्या आठवणी जितक्या लिहिल्या गेल्या, त्याच्या दशांश तरी तिची मापे घेतली गेली का?

तसे पाहिले तर आपल्याकडे काहीच नाही असे मुळीच नाही. पुण्यात कोथरूडच्या रस्त्यावर भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभे केलेले लघु रेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. तिथल्या अंधारात दिवे लागून गाड्या सुटल्या की शाळकरी मुलांपेक्षा त्यांचे बापच जास्त पुढे सरकतात. नागपूरला मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचे खास संग्रहालय आहे. माथेरानची दोन फुटी गाडी आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने १९०७ मध्ये सुरू केली, ती पावसाळ्यात थबकत, पुन्हा उठत अजून चालते. तिच्या जुन्या जर्मन बनावटीच्या इंजिनांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन थेट इंग्लंडात हौशी लोकांच्या हाती पोचले. हात आहेत, हौस आहे. गणपतीच्या आराशीत मोटर लावून डोंगरातून गाडी फिरवणारी पोरे दर गल्लीत सापडतात. दिवाळीत प्रतापगड करणाऱ्याला उतार, कडा आणि बुरूज कसे आणायचे हे कोणी शिकवायला लागत नाही. कमी आहे ती दर महिन्याला ठरलेल्या दिवशी जमण्याची आणि जमल्यावर मोजपट्टी काढण्याची.

मापाचाही अडसर नाही. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. जगात सर्वाधिक चालणाऱ्या एकास सत्याऐंशी या प्रमाणात त्याचे ८.७६ मिलिमीटर होतात, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या ९ मिलिमीटरच्या रुळाला जवळजवळ नेमके. परदेशी इंजिने महाग पडतात हे खरे, पण क्लब असला की एकाचे यंत्र, दुसऱ्याचा छपाई-यंत्रावर काढलेला सांगाडा आणि तिसऱ्याचा रंग, असे भागते. कॉलेजात थ्रीडी प्रिंटर धूळ खात पडलेले आहेतच.

सुरुवात करायची तर पाचोरा-जामनेरपासून करावी. खानदेशातल्या या ५६ किलोमीटरच्या अडीच फुटी लाइनवरची गाडी २०२० मध्ये थांबली ती थांबलीच आणि तिचे ब्रॉडगेज करून ती बोदवडपर्यंत नेण्याचे ठरले आहे. म्हणजे उरलेल्या मोऱ्या, फलाट, सिग्नलचे खांब फार काळ जागेवर राहणार नाहीत. जळगावच्या तंत्रनिकेतनातले चार विद्यार्थी, एखादे निवृत्त गार्डसाहेब, टेप, वही, कॅमेरा आणि रेल्वेकडून रीतसर परवानगी, एवढा सरंजाम पुरे. परवानगीला वेळ लागेल, तेव्हा अर्ज आधी करावा. घेतलेल्या मापांच्या दोन प्रती काढाव्यात. एक मोतीबागच्या संग्रहालयाला द्यावी आणि दुसरी क्लबच्या कपाटात ठेवावी, कारण ती उघडून पाहणारे लोक तिथेच असतील.