रात्रपाळी, नवं कलम ४३ आणि पहिल्या इंजिनिअर स्त्रिया: नक्की काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानंतर हातात पगार किती येणार, ग्रॅच्युइटी कधी मिळणार यावर व्हिडिओंचा पाऊस पडला. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवरही तीच चर्चा होती. मला मात्र व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतलं कलम ४३ जास्त महत्त्वाचं वाटतं. सोप्या भाषेत ते असं सांगतं: स्त्रिया सर्व प्रकारच्या आस्थापनांत, सर्व प्रकारची कामं करू शकतात, आणि त्यांची सहमती असेल तर सकाळी ६ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतरही.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? पुण्यातल्या आयटी कंपन्यांत मुली रात्री काम करतातच की! बरोबर आहे. पण ऑफिस आणि कारखाना यांना लागू होणारे कायदे वेगळे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री ९.३० नंतर सहमती आणि संरक्षणाच्या अटीवर परवानगी होती. कारखान्याची गोष्ट निराळी होती.

जुना नियम काय होता?

१९४८ च्या फॅक्टरी अॅक्टमधल्या कलम ६६ नुसार कोणत्याही स्त्रीला सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत कारखान्यात काम देता येई. राज्य सरकारला वेळ थोडी पुढेमागे करता येई, पण रात्री १० ते पहाटे ५ बंदच. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. पुढे वेगवेगळ्या राज्यांनी आपापल्या परीने सवलती दिल्या.

याच कायद्याचं कलम ६४ वाचा, म्हणजे खरी गंमत कळेल. देखरेख किंवा व्यवस्थापनाच्या पदावर असलेल्यांना कामाच्या तासांच्या नियमांतून सूट मिळे. पण स्त्रियांच्या रात्रपाळीची बंदी त्या सुटीतून मुद्दाम बाहेर ठेवली होती. म्हणजे शिफ्ट इंजिनिअर पुरुष असेल तर तो मोकळा, स्त्री असेल तर पद कोणतंही असो, संध्याकाळी ७ ला घरी. आमच्या भाषेत सांगायचं तर युजरला अॅडमिनचा रोल दिलाय, पण रोल तपासण्याआधीच कोडमध्ये एक हार्डकोड केलेली अट बसलीये.

हा वाद शंभर वर्षांचा आहे

१९१९ साली दोन गोष्टी घडल्या. ब्रिटनमध्ये विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी स्थापन झाली, तारीख २३ जून. आज हाच दिवस आंतरराष्ट्रीय महिला अभियंता दिन म्हणून पाळतात. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने स्त्रियांच्या रात्रीच्या कामावर बंदी घालणारा करार केला. गिरणीत पिळून निघणाऱ्या कामगार स्त्रियांचं रक्षण हा हेतू होता, आणि तो खोटा नव्हता. पण मग वरच्या पदावरच्या स्त्रियांचं काय? हा प्रश्न थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. १९३२ मध्ये मत आलं की करार त्यांनाही लागू होतो. शेवटी १९३४ मध्ये करारच सुधारून व्यवस्थापनातल्या, अंगमेहनतीचं काम न करणाऱ्या स्त्रियांना सूट दिली गेली. आपण त्यानंतर चौदा वर्षांनी केलेल्या कायद्यात मात्र ही सूट आली नाही.

अपवाद म्हणून आत आलेल्या

भारतातल्या पहिल्या अभियंता स्त्रियांचा इतिहास म्हणजे बहुतेक अपवादांचा इतिहास. ए. ललिता यांचं लग्न पंधराव्या वर्षी झालं आणि मुलगी चार महिन्यांची असताना पती गेले. वडील मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक होते. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला, सरकारी मंजुरी मिळवली आणि १९४० मध्ये ललिता इलेक्ट्रिकल शाखेत दाखल झाल्या. पदवी मिळाली तेव्हा छापील प्रमाणपत्रावर पुरुषवाचक सर्वनाम होतं. ते खोडून हाताने ‘शी’ लिहावं लागलं. पुढे कलकत्त्यात असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये त्यांनी भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विद्युत यंत्रणेवर काम केलं.

पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ललितांना एकटं वाटू नये म्हणून कॉलेजने इतर मुलींनाही दार उघडलं, आणि पी. के. थ्रेसिया व लीलम्मा जॉर्ज सिव्हिलला आल्या. याच थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

१९७४ मधला सुधा मूर्तींचा किस्सा सगळ्यांना माहीत आहे: ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ ही टेल्कोची जाहिरात, जेआरडी टाटांना लिहिलेलं पोस्टकार्ड आणि पुण्यातली मुलाखत. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना तर नव्वदच्या दशकात मायनिंग इंजिनिअरिंगला प्रवेश मिळवायला उच्च न्यायालयात जावं लागलं. कारण १९५२ च्या खाण कायद्यानुसार जमिनीखाली स्त्रियांना कामच करता येत नव्हतं. ती अट २०१९ मध्ये सैल झाली. त्यातही लेखी सहमती लागते आणि एका शिफ्टमध्ये किमान तीन स्त्रिया असाव्यात असं म्हटलंय.

ही तिघींची अट मला फार शहाणपणाची वाटते. ‘पहिली’ स्त्री वडिलांच्या ओळखीने, पोस्टकार्डाने किंवा कोर्टाच्या आदेशाने आत येते. दुसरी आणि तिसरी यायला नियमच बदलावा लागतो.

मग आता प्रश्न मिटला का?

नाही. कलम ४३ फक्त परवानगी देतं. सुरक्षिततेच्या अटी नियमांनी ठरवायच्या आहेत. परवानगी असूनही काय होऊ शकतं हे पुण्याने २००७ मध्ये पाहिलंय. रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या तरुणीवर कंपनीच्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला होता.

दुसरी अडचण ‘सहमती’ या शब्दाची. प्लांटमध्ये शटडाऊन, चाचण्या, मोठी दुरुस्ती बऱ्याचदा रात्रीच होते. शिकायला मिळतं ते तिथेच, आणि पुढे बढतीच्या वेळी मोजलं जातं तेही तेच. रात्रपाळी नाकारणाऱ्या मुलीची बढती गुपचूप अडली तर ती सहमती कसली? उलट बाजूने, ‘बायका रात्री नको म्हणतात’ असं सांगून व्यवस्थापन त्यांना विचारणारच नाही, हेही होऊ शकतं.

म्हणून तुमच्या कंपनीत हा नियम आला की एवढं बघा: सहमती लेखी आहे का, ती मागे घेता येते का, गाडी दारापर्यंत येते का, शॉप फ्लोअरजवळ स्त्रियांसाठी स्वच्छतागृह आहे का, आणि त्या शिफ्टमध्ये ती एकटीच तर नाही ना. यातलं काहीच नसेल तर कायदा बदलला असला तरी तुमच्या प्लांटमध्ये जुनंच कलम ६६ चालू आहे असं समजा.